साडूभाऊंचा कुलूपबंद राउटर

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू ती बनवणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे वापरलेली नाही. पंचवटीत त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते आणि आसपासच्या मळ्यांतला जवळजवळ प्रत्येक पंप एकदा तरी त्यांच्या हातून उघडला गेला होता. दुकान भाच्याकडे सोपवल्यावर ही सवय घरी मुक्कामाला आली आणि घरातल्या वस्तूंचे दिवस फिरले. नवी वस्तू आली की चालू करून बघायची, ही आपली रीत. साडूभाऊ आधी तिचे स्क्रू मोजतात. आमच्या लग्नात दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांनी आहेराआधीच उघडून, तेल घालून, पुन्हा बंद केले होते. त्यातून एक स्क्रू उरला. तो त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून घड्याळासोबत आहेरात दिला. "जादाचा होता," म्हणाले, "कंपन्या घाबरट असतात." घड्याळ आजही अचूक चालते, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. पुढे एका साखरपुड्यात, व्यासपीठावर कोणा पुढाऱ्याला शाल आणि नारळ देणे चालू असताना, हे डोक्यावर फेटा तसाच ठेवून हॉलच्या कूलरमागे पालथे पडलेले सापडले. त्या समारंभात कोणाच्या तरी उपयोगी पडलेले ते एकटेच.

कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिच्यावरचे स्टिकर काढायचे, हा त्यांचा पहिला संस्कार. 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असे लिहिलेले असले तर फारच आनंद. नखाने, न फाडता, अख्खे काढतात. "ही सूचना नाही पाहुणे, धमकी आहे. धमकी घरात ठेवू नये." धमकी घरातून जात मात्र नाही, कारण त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, आम्हा सगळ्यांच्या ताई, काहीही वाया जाऊ देत नाहीत. निघालेले स्टिकर डिंक ओला आहे तोवर त्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवतात आणि कोऱ्या जागी मार्करने पदार्थाचे नाव लिहितात. त्यांच्याकडे गोडा मसाला 'सावधान, उच्च विद्युतदाब' या पाटीखाली राहतो.

अशा घरात राउटर आला. ज्या इंटरनेटवाल्याने तो विकला, त्याने पुढे गाशा गुंडाळला आणि राउटर दर दहा मिनिटांनी मान टाकू लागला. जगभरच्या हौशी मंडळींनी लिहिलेले फुकटचे, खुले सॉफ्टवेअर त्यात घातले की तो सुधारेल, असे साडूभाऊंनी शोधून काढले; पण त्याचा बूटलोडर कुलूपबंद होता. बूटलोडर म्हणजे काय, हे त्यांनी मला चहा ओतता ओतता समजावले. "यंत्रात सगळ्यांच्या आधी जागा होतो तो वॉचमन. आत कोणाला सोडायचं, हे तो ठरवतो. बंगला आपला, वॉचमन आपल्या पैशाचा, आणि ऐकतो मात्र पळून गेलेल्या मालकाचं!" मग चढत्या आवाजात सटाण्याची मूळ अहिराणी वर आली. "हाऊ राउटर मना शे! मग कुलूप त्यांचं कसं?"

या प्रश्नावर त्यांच्या मुलीकडे सोपे उत्तर होते. ती बंगळुरूला नोकरी करते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि ती काहीतरी सांगत असतानाच, तोंड अर्धे उघडे ठेवून, पडद्यावर गोठायची. शेवटी तिने नवा राउटर मागवून घरी पाठवला. साडूभाऊंनी ते खोके कपाटावर ठेवून दिले. त्यांनी न उघडलेले हे आयुष्यातले पहिले खोके. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझ्याशी बोलायचंय, की त्या डबड्याशी?" आणि साडूभाऊ काही बोलायच्या आत डबड्यानेच फोन तोडला. तिला वाटले, बाबांनी तोडला. यांना वाटले, तिने. त्यानंतर तिचा फोन ताईंच्या मोबाइलवर येऊ लागला, आणि साडूभाऊंनी जाहीर केले की राउटर सुधारेल त्या दिवशी त्याच्यावरूनच ते मुलीला फोन करतील, त्याआधी नाही. या गोष्टीला दोन महिने झाले.

एका रविवारी सकाळी मला बोलावणे आले. राउटर उघडा पडला होता, त्याला तीन बारीक वायरी डाग देऊन जोडल्या होत्या आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर वॉचमन पासवर्ड मागत होता. तो काढण्याची युक्ती इंटरनेटवर कोणा भल्या माणसाने लिहून ठेवली होती. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर बारा अक्षरांचा नंबर असतो, त्यावरून पासवर्ड निघतो. साडूभाऊंनी राउटर उलटा करून दाखवला. पोट गुळगुळीत होते.

आम्ही स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर मांडले. जिऱ्यावर मिक्सर निघाला, साबुदाण्यावर गिझर, नागलीच्या पिठावर इस्त्री. ताई मटार सोलत शांतपणे बघत होत्या.

"त्या राउटरचं ना? ते मेतकुटाच्या डब्याला लावलं होतं."

"डबा कुठंय?"

"बंगळुरूला. दिवाळीनंतर नाही का पाठवला?"

साडूभाऊ स्टुलावर बसले. "तू विचार तिला नंबर."

"मला नाही ते बारीक इंग्रजी कळत," असे म्हणत ताईंनी नंबर फिरवला आणि मोबाइल त्यांच्या हातात देऊन पुन्हा मटार ओढले.

"हॅलो, आई?"

"मी आहे." साडूभाऊंनी कागद पुढे ओढला, पेनचे टोपण काढले. "मेतकुटाचा डबा आहे का?"

"मेतकूट संपलंय."

"डबा धुतलास?"

"नाही," ती म्हणाली. "वास येतो अजून त्याला."

ती एकेक अक्षर वाचू लागली आणि साडूभाऊ लिहू लागले. बारा झाली. "शेवटचं काय म्हणालीस?" तिने सांगितले. "त्याच्या आधीचं?" तेही सांगितले. "बरं, एकदा पहिल्यापासून वाच."

"बाबा, तिसऱ्यांदा वाचतेय!"

मी त्यांच्या खांद्यावरून कागद पाहिला. बाराही अक्षरे पहिल्याच खेपेला ठळक लिहिलेली होती. पेन टोपण लावून खिशात गेले होते.

"वाच गं," ते म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून, हळूच, "कशी शे बेटा?"

मी आणि ताई मटार घेऊन बाहेर गेलो. फोन तासभर चालला. वॉचमनने दुपारी निमूट दार उघडले आणि तो राउटर तेव्हापासून एकदाही मान न टाकता चालतो आहे. मुलगी आता तोंड मिटेपर्यंत बोलते. परवा गेलो तेव्हा ताई मेतकुटाचा नवा डबा भरत होत्या. त्यावरचे स्टिकर कोरे करकरीत होते. मी कपाटावर पाहिले. मुलीने पाठवलेले खोके तिथेच, तसेच बंद होते. फक्त त्याच्यावरचे स्टिकर कोणीतरी नखाने, न फाडता, अख्खे काढले होते.