एका ओळीचं जर्मन

आज सकाळी वाण्याकडून आलेली पुडी ताटात ओतली आणि हात तिथंच थांबला. वाघ्या घेवडा. फिकट अंगावर तांबडे पट्टे ओढलेला, कोरेगावच्या मातीतला. शहरातल्या वाण्याला त्याचं नाव ठाऊक नसतं, तो सरसकट सगळ्याला राजमा म्हणतो आणि मी दर वेळी त्याच्याशी वाद घालते. निवडायला बसले खरी, पण त्याचा कोरडा, मातकट वास नाकात शिरला आणि तीस वर्षांपूर्वीची एक दुपार समोर येऊन बसली. त्या दुपारी मला जो धक्का बसला तो ओसरला असं मी बरीच वर्षं समजत होते. तो ओसरलेला नाही. घरातल्या जड कपाटाला वळसा घालून वावरायची सवय होते, तशी मला त्याची सवय झाली आहे, इतकंच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी सांगलीत राहून जर्मन शिकत होते. सांगलीत जर्मन कशाला, असा प्रश्न नात्यागोत्यात सर्वांना पडे. मला नोकरी मिळत नव्हती आणि लग्न ठरत नव्हतं. दोन्ही प्रश्नांवर तो एकच उतारा होता. विश्रामबागेत एक निवृत्त गृहस्थ शिकवायचे. तरुणपणी त्यांनी तिकडच्या कारखान्यात सात-आठ वर्षं यंत्रं जोडली होती, त्यामुळे ती भाषा त्यांच्या कानात व्याकरणाच्या आधी शिरलेली. त्यांची पद्धत मोठी खाष्ट होती. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, मधोमध इंग्रजी शब्द लिहायचा, भोवती त्याचे जर्मन सगेसोयरे पेन्सिलीनं मांडायचे आणि मग एकेकाला खोडत जायचं. खोडताना कारण मोठ्यानं सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर खोडायचा हक्क नाही. मला हा खेळ फार आवडायचा, कारण त्यात आपण हुशार आहोत असं वाटायचं.

एके दिवशी गावातल्या एका अनाथाश्रमाच्या अधीक्षक बाई सरांकडे आल्या. तिथलं एक तान्हं बाळ वीस वर्षांपूर्वी एका निपुत्रिक जर्मन जोडप्यानं दत्तक नेलं होतं. ती मुलगी आता विशीतली, म्हणजे माझ्याच वयाची. आपल्याबद्दल आश्रमाकडे काय नोंद आहे, असं तिनं पत्रानं विचारलं होतं. नोंद इंग्रजीत होती आणि एका ओळीची होती: बाळ आईनं 'लेफ्ट'. मुलीला इंग्रजी येत होतं, पण तिला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या आईला येत नव्हतं आणि दोघींना ते शेजारी बसून वाचायचं होतं. म्हणून जर्मन हवं होतं. सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं.

कॅलेंडरचं पान भरत आलं तरी संपेना. इंग्रजीचा हा 'लीव्ह' फार ऐसपैस शब्द. निघून जाणं, मागे ठेवणं, मृत्युपत्रानं देणं, कुणाच्या हवाली करणं, वाऱ्यावर सोडणं, सगळ्यांना त्याच्या ओसरीवर जागा. जर्मनला हा सैलपणा मानवत नाही. विश्वासानं सोपवलं असेल तर 'आनफरट्राउट', नुसतं मागे ठेवलं असेल तर 'त्सुरुकगेलासन' आणि उघड्यावर टाकून दिलं असेल तर 'आउसगेझेत्स्ट'. हा शेवटचा मी ऐटीत खोडला.

"कारण?" सरांनी विचारलं.

"कुठली आई असं करेल?"

"हे कारण नाही. हे तुझं मत झालं."

मला राग आला. पण योग असा, की आईचा काही निरोप आहे का, असंही त्या मुलीनं विचारलं होतं आणि त्यासाठी अधीक्षक बाई तिच्या जन्मदात्या आईच्या गावी, कोरेगावला, निघाल्याच होत्या. मी त्यांच्याबरोबर गेले. साताऱ्याच्या स्टँडवर कोरेगावची गाडी लागेपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं. दुष्काळाचं साल होतं. त्या आईचा नवरा खडी फोडायच्या कामावर दगावला. पदरात दोन मुलं, तिसरी पोटात. आश्रमात येऊन ती बाळंत झाली, तीन महिने राहिली, बाळाला अंगावर पाजलं आणि बाळानं अंग धरल्यावर एका सकाळी अंगठा उठवून निघून गेली. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. टाकणारी बाई तीन महिने थांबते का? मला माझं कारण मिळालं होतं. आता तिनं नुसती मान हलवायची बाकी होती.

ती एका व्यापाऱ्याच्या गोदामात घेवडा निवडत होती. वीस-पंचवीस बायकांच्या रांगेतून उठून आली, पत्र्याच्या सावलीला आमच्यासमोर बसली. पंचेचाळिशीची, काटक. मुलगी सुखरूप आहे, शिकते आहे, तिकडची आई आता म्हातारी आहे, दोघी मिळून कागद वाचणार आहेत, हे सगळं तिनं मान खाली घालून ऐकलं. मग मी शहाणीनं तिला शब्दांचे अर्थ समजावले. सोपवली, मागं ठेवली, टाकली. तुम्ही म्हणाल ते लिहिते.

"टाकली, आसं लिवा."

तिला समजलं नसावं म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

"कळलं वं ताई. बहिरी न्हाई मी. टाकली म्हनूनच लिवा."

"पण तुम्ही तर तीन महिने थांबला होता."

"ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. तिला कशाला?" तिनं पदराला चिकटलेला भुसा झटकला. "सोपवली म्हनलं की ती माघारी यील. हितं दोन भाव हायती तिचं, त्यास्नी कायबी ठावं न्हाई. आनि ती दुसरी आई म्हातारी झालीया म्हंता न्हवं? शेजारी बसून आयकनार. मी चांगली ठरले तर तिनं कुटं बघायचं? वाढिवलं तिनं. माजा राग आला तर यिऊ दे. राग आल्याव पोरगी म्हातारीला धरून ऱ्हाईल."

मी हादरले. एखादी आई आपलं मूल टाकेल, हे मला पटत नव्हतं. आणि ही तर न टाकता टाकल्याचं नाव मागून घेत होती, तेही कधी न पाहिलेल्या एका परक्या म्हातारीचा जीव दुखू नये म्हणून. अधीक्षक बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. ती मात्र उठली आणि रांगेतल्या आपल्या जागेवर जाऊन बसली.

सांगलीला परतल्यावर सरांना सांगितलं. मग खोडरबर घेऊन त्यांनी मी मारलेली काट पुसली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी 'आउसगेझेत्स्ट' लिहिलं. माझ्याच वयाच्या मुलीला मी तो शब्द लिहून पाठवला, याची मला तेव्हाही भीती वाटली आणि आजही वाटते. तिकडून उत्तर आलं नाही.

पुढे आश्रमाचा पत्रव्यवहार मीच पाहू लागले. वर्षभरानं एका सकाळी मी तिथं एकटीच असताना ती फाटकात उभी दिसली. वीस वर्षांत जिनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं, ती दोन गाड्या बदलून आली होती. सुगी उरकली म्हणून आले, म्हणाली. मी पाणी दिलं. तांब्या हातात धरून, त्यातल्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं,

"शिव्या दिल्या का वं तिनं?"

मला उमजेना.

"पत्रात. कायतरी लिवलं आसंल की मला. शिव्या का हुईनात."

वर्षभर ही बाई त्या शिव्यांची वाट बघत होती. कपाटात त्या मुलीच्या नावाची फाईल होती, आणि त्यात आमच्याच पत्राच्या नकलेशिवाय काही नव्हतं.

"दिल्या," मी म्हणाले.

"लय?"

"लय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. हसली असावी, पदर मध्ये असल्यानं मला नीट दिसलं नाही.

"मग धडधाकट हाय," ती म्हणाली. घटाघटा पाणी प्यायली, चहा नको म्हणाली आणि परतीची गाडी चुकेल म्हणून लगबगीनं निघाली.

त्यानंतर मी पुष्कळ भाषांतरं केली. यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या, करारमदार. सर गेले, त्या आश्रमाच्या जागी आता दुसरीच इमारत आहे. ती मुलगी माझ्यासारखीच पन्नाशी ओलांडून गेली असेल. ती आपल्या म्हातारीला धरून राहिली, की तो शब्द वाचून आतून मोडली, मला कधीच कळलं नाही. मी आयुष्यभर समोरच्या कागदाला बांधील राहिले, याचा मला अभिमान आहे. पण मूळ मजकूरच नसताना केलेलं एक भाषांतर माझ्या नावावर आहे. ते दोनच शब्दांचं आहे, आणि ते ऐकून एक आई निर्धास्त घरी गेली.