डाव्या पंखाची पिसं

चौथीनंतर माझी शाळा सुटली. आईनेच सोडवली, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वडील तारापूरकडे मोठ्या बांधकामावर खडी वाहायला जात. आई कार्तिकापासून बोईसरच्या गवतवाल्याकडे गवत कापायला जाई. मीही तेच करायचं असं ठरलं होतं. पण गवताचं कुसळ लागलं की माझं अंग सुजायचं. त्यापेक्षा आमच्या आळीतल्या काकीच्या ओटीवर बसून ती पिसं शिवते ते बघणं मला बरं वाटायचं.

काकी आमच्या नात्याची नव्हती. एकटी बाई. लग्नात नवऱ्याच्या टोपीला लावायचे पिसांचे तुरे करून ती पोट भरायची. चैत्रात गावदेवीच्या पालखीला दोन्ही बाजूंनी वारा घालायला नवे पंखे लागत, ते करायचा मान तिच्या सासरचा होता. त्या वर्षी तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं. तिने आईकडे मला हाताखाली मागितलं.

आई सरळ बोलणारी बाई. म्हणाली, "चैत्रात हिचे पंखे पालखीला लागले तर ही तुझी. नाय लागले तर पुढच्या कार्तिकात माझ्यासंगती गवतावर."

देवीला मारलेल्या पाखराचं पीस चालत नाही, आपसूक गळलेलंच लागतं. त्यामुळे पावसाळा सरताना खाडीकडच्या ज्या झाडांवर बगळे वस्ती करतात, त्यांच्या खाली मी पिसं वेचली. तिथला वास सांगण्यासारखा नाही. पिसं रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि सुपात पसरली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा काकीने चाचपत बांधून दिला. शिकवलं म्हणाल तर एवढंच, की दोरा पिसाच्या दांडीत घाल, केसांत घालू नको.

माघात पहिला पंखा झाला. पांढराशुभ्र. मी खूश. दोन दिवस उन्हात ठेवला तर एक कड वर, एक कड खाली.

काकीने त्याच्यावरून हात फिरवला. "पंखा केलास का बोंबील वाळवलास?"

मी म्हटलं, दोरा जास्त ओढला गेला असेल.

"दोरा नाय गो. एक पीस तळहातावर ठेव. आता दुसरं ठेव."

ठेवली. एक डावीकडे वळत होतं, दुसरं उजवीकडे. मी दोन्ही पंखांची पिसं एकाच ढिगात धुतली होती आणि हाताला येईल तशी शिवली होती.

"हे आधी सांगायचं ना," मी म्हटलं.

"मला वाटलं, तू पाखरू बघितलं असशील."

डाव्या पंखाच्या पिसांचा पालखीच्या डाव्या बाजूचा पंखा, उजव्यांचा उजव्या बाजूचा. मी सगळं उसवलं. उसवताना बऱ्याच दांड्या चिरल्या, आणि त्यात डावी पिसं जास्त गेली. उजवा पंखा पुरा झाला, सपाट झाला. डाव्याला पिसं पुरेनात. तोवर फाल्गुन आला होता. झाडांखाली आता काही मिळणार नव्हतं. आईने एकदा ओटीवर डोकावून पाहिलं आणि गेली.

पिसं वेचताना बगळ्यांच्या पोटाची बारीक मऊ पिसंही गोळा झाली होती. ती कोणी वापरत नसे. मी लांब पिसं फक्त कडेने लावली आणि मधे ती बारीक पिसं एकावर एक शिवली, माशाच्या खवल्यांसारखी. काकीला बोटांनी कळलंच.

"मधे काय भरलंस?"

"पोटाची पिसं. गळलेलीच आहेत."

ती बराच वेळ बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग उजवाही तसाच कर. दोन पंखे दोन तऱ्हेचे देवीपुढे नाय नेणार मी."

चांगला झालेला पंखा मला पुन्हा मधून उसवावा लागला. मनात तिला खूप शिव्या दिल्या. पण या वेळी एकही दांडी चिरली नाही.

आमच्या गावी गुरव नवा पंखा काळ्या घोंगडीवर झटकून बघतो. एक पीस जरी पडलं तरी पंखा परत. जत्रेच्या सकाळी त्याने उजवा झटकला, काही पडलं नाही. डावा झटकला, तर घोंगडीवर एक पांढरा बारीक कण उतरला. काकीला दिसत नव्हता, मला दिसत होता. आईलाही.

गुरवाने वाकून पाहिलं. पीस नव्हतं, नुसती कापसासारखी लव होती. त्याने फुंकर मारली. "यंदा मधे काहीतरी नवीनच केलंस," तो काकीला म्हणाला.

"मी नाय. या पोरीने केलं."

पंखे पालखीला लागले. पावसाळा सरताना मी झाडांखाली गेले ती दोन टोपल्या घेऊन, एक डाव्यांसाठी, एक उजव्यांसाठी. आणि कार्तिक लागला तेव्हा आईने लोहाराकडे एकच विळा धार लावायला दिला.