उत्तरेची खिडकी

नवरा गेल्यावर मी कोहिनूर गावी धाकट्या भावाच्या घरी आले, तेव्हा मला आतली खोली मिळाली. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद आणि माळवदात उजेडासाठी ठेवलेलं एक भोक. त्याला आमच्याकडे सानं म्हणतात. खिडकी एकही नाही. दरोडेखोरांच्या धास्तीनं जुन्या लोकांनी घरं बांधली ती अशी, पेटीसारखी. दागदागिने सुरक्षित राहायचे म्हणे. आत माणसं कशी राहायची, ते कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी सान्यातून भाकरीएवढं ऊन जमिनीवर पडायचं. मी सूप घेऊन त्याच्यामागं सरकत सरकत डाळ निवडायची. ऊन भिंतीवर चढलं की दिवा लावायची. भावजय स्वभावानं वाईट नव्हती, पण तिला घरभर माणसं होती. माझ्याशी दिवसाकाठी कुणी बोललंच तर ते डाळ निवडून झाली का एवढंच.

लढाई सुरू झाली, घासलेट कंट्रोलवर गेलं आणि माझा दिवा भावाच्या डोळ्यांत सलायला लागला.

"दिवसा बी दिवा जळायलाय, अक्का," तो म्हणाला.

मी चिडले. म्हटलं, मग भिंत फोड. माझे डोळे गेले तरी चालतील, तुझं घासलेट तरी वाचेल. हे बोलणं त्याला लागलं नाही, पटलं. माझ्या डोळ्यांसाठी जे झालं नसतं, ते घासलेटासाठी झालं.

गवंड्याला तो पश्चिमेची भिंत दाखवत होता, कारण तिथले दगड आधीच ढिले झाले होते. मी हटून बसले. पश्चिमेचं ऊन आत घेतलं तर उन्हाळ्यात खोलीची भट्टी होईल, उत्तरेला परसाकडं फोड म्हटलं. तिकडं दिव्याचा कोनाडा होता, म्हणजे भिंत तिथं निम्मी पोकळच. तो कोनाडाच आरपार काढला. आतून रुंद, बाहेरून अरुंद, म्हणजे उजेड पसरावा आणि झळ येऊ नये. बाहेरच्या बाजूला लाकडी गज.

पहिल्या दिवशी मला माझं लुगडं किती विटलंय ते दिसलं आणि हसूच आलं. खिडकीतून गार वारा यायचा, कोंडलेली ऊब सान्यातून वर निघून जायची. दिवा तिन्हीसांजेलाच लागायचा. परसात शेण टाकायला येणारी शेजारीण गजांशी थांबून विचारायची, जेवलात का, अक्का? सकाळी विधवेचं तोंड नको म्हणून ती दुपारी यायची, हे मला ठाऊक होतं. तरी मी सकाळपासून तिची वाट बघायची.

खोली चांगली झाली हे घराला कळायला वेळ लागला नाही. आधी भाऊ दुपारचा तिथं आडवा व्हायला लागला. मग पाहुण्यांची अंथरुणं तिथंच पडू लागली. शेवटी पुतण्याचं लग्न झालं, ती खोली त्या दोघांना मिळाली आणि माझं बोचकं धान्याच्या खोलीत गेलं. तिथं सानंसुद्धा नव्हतं. भाऊ म्हणाला, आता निवडणं-टिपणं सोड, नवी सून करील, तू आराम कर. मायेनंच म्हणाला, खोटं कशाला बोलू. पण काम गेलं म्हणजे दिवा मागायचं कारणही गेलं.

नव्या सुनेला परसातून कुणी बघू नये म्हणून त्या खिडकीवर गोणपाट ठोकलं. उत्तरेचा तेवढा उजेड बाहेर उभा, आणि आत भरदुपारी पोर दिवा लावून डाळ निवडत बसलेली. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. भाऊ ओसरीवर सुपारी कातरत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, खिडकी बंदच ठेवायची असंल तर माझी खोली मला परत दे.

त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"खोली तुझी कवा व्हती, अक्का?"

तो भांडत नव्हता. त्याला खरंच उमगत नव्हतं, आणि मी उत्तर देईन म्हणून तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. इतकं एकटं मला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.