बंड्याच्या वतीने

अहिरे मॅडम स्वतःच्याच भुवईवर दोन बोटांनी टकटक करायच्या. समोर मांजर असो, पोपट असो की कोणाचा भेदरलेला कुत्रा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सिडकोतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. स्कूटरखाली लपलेल्या मांजरीपुढे उकिडव्या बसून, हनुवटीवर बोटं आपटत त्या म्हणत होत्या, "मला फटाक्यांची भीती वाटते, तरी मी चांगली मांजर आहे." मी वाट वाकडी करून लिफ्ट गाठली.

मॅडम मूळच्या सटाण्याच्या. एसटीच्या आरक्षण खिडकीवर त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर कुठल्याशा शिबिरात हे शिकून आल्या, आणि खिडकीवरचा दरारा त्यांनी तसाच पुढे चालू ठेवला. पद्धत अशी, की जनावराला हात लावायचा नाही. मालकानं स्वतःच्या अंगावर ठरलेल्या जागी हलके ठोके द्यायचे आणि जनावराच्या वतीने त्याचं दुःख बोलायचं. पैसे घेत नसत. चहा घेत आणि त्याला नावं ठेवत.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती बंड्यामुळे. बंड्या माझ्या वडिलांचा कुत्रा. आबा अत्यवस्थ झाले तेव्हा मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसवर होतो. बायकोचा फोन आला. "दोन दिवसांत येतो," मी म्हणालो. मी तिथला सुपरवायझर, पण माझ्यावाचून एकही पेटी अडली नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं. आबा दुसऱ्याच दिवशी गेले. पुढे पंधरवड्यात बंड्यानं खाणं सोडलं. भाकरी हुंगायचा आणि मान फिरवायचा. जो तो म्हणायचा, आबांचा ध्यास घेतलाय त्यानं. बायको म्हणाली, "मुक्या जनावराला कळतं." पुढचं ती बोलली नाही.

मॅडम न बोलावता आल्या. दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवलं का भाऊ? आधी डॉक्टर, मग मी."

"दाखवलं. सगळं ठीक आहे म्हणाले."

दाखवलं नव्हतं. वेळ मिळाला नाही असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. बंड्याला आबांचंच दुःख आहे हे मी ठरवून टाकलं होतं. घरात कोणीतरी त्यांच्यासाठी उपाशी राहावं, असं मला वाटत होतं.

मग रोज सकाळी सहाला बेल. बंड्या कोपऱ्यात पडलेला, आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, डोळ्याखाली टकटक करत म्हणतोय, "मला आबांची आठवण येते, मला जेवावंसं वाटत नाही, तरी मी चांगला कुत्रा आहे."

"हळू! हापसा मारताय का?"

"मला आबांची आठवण येते..."

"कुत्रा बोलतोय भाऊ, सुपरवायझर नाही. हजेरी घेतल्यासारखं काय बोलता? पुन्हा. पहिल्यापासून."

फोन वाजला की पहिल्यापासून. मी घड्याळाकडे पाहिलं की पहिल्यापासून. एकदा वैतागून मी विचारलं, "ताई, याच्यानं खरंच काही होतं का?" त्या म्हणाल्या, "स्कूटरखालची मांजर बाहेर आली ना?" मी म्हणालो, "फटाके थांबल्यावर आली." "मग? आली ना!" या बाईशी वाद घालणं म्हणजे सुटलेल्या गाडीचं तिकीट मागणं होतं.

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी बंड्याचा डोळा सुजून बंद झाला, आणि मी हात लावताच तो किंचाळला. डॉक्टरांनी जबडा उघडून पाहिला. वरची दाढ मोडली होती आणि मुळाशी पू झाला होता. "इतके दिवस काय करत होता? अजून उशीर झाला असता तर वाचला नसता," ते म्हणाले. दाढ काढली.

बंड्याला उचलून फाटकातून आत आलो तर बाकावर चौघं बसलेले. काय झालं, काय झालं. मी तावातावानं म्हणालो, "काय होणार! आठ दिवस टकटक करत बसलो. कुत्रं मरता मरता वाचलं." मॅडम मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता विचारतील, दाखवलं होतं ना? त्या पुढे आल्या, बंड्याच्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या. "किती दुखलं असेल रे तुला," असं त्याला म्हणाल्या आणि मग सगळ्यांकडे वळून, "माझं चुकलं. मला कळायला हवं होतं."

मी बंड्याला घेऊन लिफ्टमध्ये शिरलो.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावेना. त्या दिसल्या की बाकावरची मंडळी आपल्या टाळूवर टकटक करून हसायची. एकदा एक बाई पोपट घेऊन आली, तर मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरचा कागद आणा." बाई म्हणाली, "अहो, दाखवलंय, सांगते ना!" "कागद," मॅडम म्हणाल्या. मी जिन्यात उभा होतो. पूर्वी त्यांना नुसतं सांगितलेलं पुरायचं.

सहा महिन्यांनी त्या सटाण्याला भावाकडे कायमच्या निघाल्या. फाटकात टेम्पो लागला तेव्हा मी वर गेलो. खोली रिकामी झाली होती. त्या गाद्यांच्या वळकटीवर बसल्या होत्या.

"ताई, मी डॉक्टरला दाखवलं नव्हतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बंड्याला उचलून आणलात त्याच दिवसापासून. तुमच्या काखेत दवाखान्याची फाइल होती. नवीकोरी. वर पहिली तारीख त्याच दिवसाची. खिडकीवर जन्म गेला माझा भाऊ, कागद मला लांबून वाचता येतो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." त्या उठल्या, साडी झटकली. "आता मला काय सांगता? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा जा. आणि सरका, दोरी तुमच्या पायाखाली आहे."

मी खाली गेलो. बाकावर तेच चौघं होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पहिल्या खोट्यापासून. आबांच्या वेळी आलेल्या फोनचंही सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो. नाहीतरी आता चालल्यात त्या." आणि तो पाय आखडून बसला, कारण टेम्पोवाला मॅडमचं कपाट घेऊन येत होता.