नगरवाल्याचं कोळपं

कर्जतला माझ्या बियाण्याच्या दुकानासमोर एका दादांचं वेल्डिंगचं शेड आहे. जुन्या सायकलचं चाक लावून ते तण काढायचं, हातानं ढकलायचं कोळपं बनवतात. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. मी चहाचा कप कसा धरतो हेही त्यांनी बघून ठेवलंय, आणि त्याचं मला जरा अवघडच वाटतं.

पहिलं कोळपं त्यांनी शेजारच्या मळ्यातल्या बायांना वापरायला दिलं. सगळ्या म्हणाल्या, "लई भारी हाय, दादा." पुढच्या आठवड्यात ते बांधावर पडलं होतं आणि बाया खुरप्यानंच तण काढत होत्या. ज्यानं केलं त्याच्या तोंडावर नावं ठेवणं आमच्याकडे कुणाला जमत नाही.

तेव्हापासून नवं कोळपं झालं की ते सांगतात, "नगरच्या एका मान्सानं धाडलंय. कसं हाय बगा."

मग तोंडं सुटतात. एकदा मी सोबत होतो. तुरीच्या ओळीतनं बाहेर येत एक म्हातारी म्हणाली, "ज्यानं केलं त्यानं जल्मात खुरपं धरलं नसंल. दांडा आखूड, पाठ मोडली माजी."

"व्हय, अक्कलच न्हाई त्याला," म्हणत त्यांनी दांड्यावर खडूनं खूण केली.

यंदा तीच म्हातारी कोळपं परत देईना. "त्या नगरवाल्याला सांगा, आता बरं केलंय म्हनावं."

"सांगतो," ते म्हणाले.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा दंड धरला. "गप ऱ्हावा. वल्या रानात चाक रुततंय अजून. त्यापायी नगरवाल्याला शिव्या खायच्यात."