घोटीचे अकरा, लासलगावचे अडीच

कुलूप लावून झालं होतं. थोरल्या मावशीने ते पुन्हा उघडलं, आत जाऊन गॅस पाहिला आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला.

"किती दिवसांच्या घेतल्यास?" मी विचारलं.

"आठ. राहून बघते. नाय जमलं तर परत."

मावशी घोटीत एकटी असते. तिची धाकटी बहीण, कुसुममावशी, वर्षभर लासलगावहून सांगते आहे, कायमची इकडे ये. पोचवायला मी आदल्या संध्याकाळी नाशिकहून आले होते.

जायचं असेल तर सोपं आहे. घोटी ते नाशिक एसटीने तासभर. तिथे गाडी बदलायची, निफाडमार्गे आणखी दोन तास. मला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी उलटलेल्या मावशीला तेही नाही. भातखाचरं मागे राहतात, निफाडच्या बाजूला द्राक्षबागा लागतात. लासलगाव जवळ आलं की पुढे कांद्याचे ट्रॅक्टर असतात आणि एसटी त्यांच्या चालीने चालते.

मावशीचे यजमान भाताच्या गिरणीत होते. गिरणीची जेवणाची सुट्टी अकराला व्हायची. यजमान गेले, गिरणी बंद झाली. मावशी अजून अकराला जेवते. गल्लीत ते कुणाला वेगळं वाटत नाही. तिच्या कुकरची शिट्टी ऐकून शेजारीण आपला लावते.

सव्वादहाला पोचलो.

"ये अक्का! लय वाळलीस. घोटीतला तांदूळ संपला का?" कुसुममावशी दारातच म्हणाली.

"तुमच्याकडं तरी काय, नुसता कांदा. सगळं गाव रडत असंल."

मावशीने पाणी मागितलं आणि नेहमीच्या वेळी, साडेदहाला, जेवणाआधीची गोळी घेतली. मी तिथेच होते. इथे जेवण कधी असतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. कुसुममावशीचा मुलगा संतोष एका कांदा व्यापाऱ्याकडे कामाला आहे. त्याच्याबरोबर मी लिलाव पाहायला गेले.

लिलाव पाहण्यासारखा आहे. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, भाव पुकारला जातो, मिनिटभरात ट्रॉली विकली जाते. पायाखाली कांद्याची टरफलं. सकाळीच जा, डोक्यावर काहीतरी घ्या, ट्रॅक्टरच्या वाटेत थांबू नका.

"जेवता कधी?" मी संतोषला विचारलं.

"लिलाव सुटला, वजनं झाली की. अडीच, कधी तीन. घड्याळ कोण बघतंय हितं?"

एकला घरी परतले. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. भाकरी फडक्याखाली झाकलेली. थोरलीच्या कपाळावर घाम होता आणि हातातला पेला थरथरत होता.

"काय होतंय, अक्का?" कुसुममावशी एकदम उठली.

"काय नाय."

मला साडेदहाची गोळी आठवली; त्यावर पोटात काही गेलंच नव्हतं. साखरेचं पाणी करून पाजलं. दहा मिनिटांनी तिचा हात थांबला.

"भूक लागली तर बोलायचं ना!" कुसुममावशी ओरडली.

"तुझ्या घरात येऊन संतोषच्या आधी ताट ओढू?"

"आन् मी तुझ्या आधी वाढून घेऊ? मला वाटलं, तुला भूकच नाय."

"तुला लागली होती?"

"कधीची."

कुसुममावशीने दोन ताटं घेतली. दोघी जेवल्या. संतोष पावणेतीनला आला. दोन धुतलेली ताटं पालथी पाहून म्हणाला, "मला सोडून जेवलात? आता घरात मीच पाहुणा का?" त्यावर थोरली हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

दोन्ही गावं एका जिल्ह्यात, भिंतीवरची घड्याळं सारखीच. एकात बंद पडलेली गिरणी अजून वेळ सांगते, दुसऱ्यात चालू असलेला लिलाव. कोणतंही गाव चुकत नाही. मध्ये बसलेल्या माणसाने मात्र तोंड उघडायला हवं.

संध्याकाळच्या गाडीला निघताना मावशी दारात आली.

"आठ दिवसांनी न्यायला येशील ना?"

मी हो म्हणाले. एसटीत ते हो मला आवडलं नाही; तिच्या परतण्याची सोय मीच करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला तिचा फोन आला. दोघी जेवून उठल्या होत्या. येताना महिन्याच्या गोळ्या घेऊन ये, म्हणाली.