चौथऱ्यावरचा टेकू

“मावशी, खुर्चीवर नको. तुम्ही इथं खाली बसा.”

सर माझ्या आईला म्हणाले. आवाज गोड. आमच्या सरांचा आवाज कधी चढत न्हाय. आई लगेच उठली आणि उठताना तिनं ती खुर्ची पदरानं पुसली. आपण बसलो म्हणजे खुर्ची घाण झाली असणार, हे तिच्या अंगातच मुरलंय. मला तेव्हाच काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

बेळगावातल्या डिझाईन कॉलेजात आमचं शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन होतं. दुपारनंतर बाहेरचे परीक्षक येणार, बघणार, मार्क देणार. त्या मार्कांवर पदवी. आई निपाणीहून सकाळच्या गाडीनं आलती. माझं कॉलेज तिनं कधी बघितलं न्हवतं. ठेवणीतली जांभळी साडी नेसलेली, डोक्यात अबोलीचा गजरा. आई विड्या वळते, माझ्या जन्माच्या आधीपासनं. तंबाखूचा वास हातातनं जात न्हाय. म्हणून निघायच्या आधी तिनं राख आणि लिंबू लावून हात घासलते. बोटं लाल झालती. “बघ गं, येतोय का वास?” असं म्हणून गेटजवळच हात माझ्या नाकाशी धरला. नुसता लिंबाचा वास होता.

त्याच हातात सरांनी सूप दिलं. सुपात तेंदूची पानं, जर्दा, कात्री, दोरा. म्हणाले, नेहमीसारखं काम करा, पाहुणे फोटो काढतील, घाबरू नका.

सूप मीच घरनं आणलं होतं. तू केलेल्या वस्तूशेजारी मांडायला आण, म्हणजे लोकांना कळेल कशासाठी केलंय, असं सर म्हणालते. सुपामागं माझी आई बसवायची आहे, हे बोलले न्हवते.

आता ती वस्तू. मी तिला टेकू म्हणते. विडी वळणारी बाई जमिनीवर बसते, सूप मांडीवर घेते, मान खाली घालते आणि दिवस मावळंपर्यंत तशीच वाकलेली असते. उठताना आधी भिंतीला हात, मग कमरेला. आमच्या गल्लीत सगळ्या बायका अशाच उठतात. मला वाटलं, खाली बसल्या बसल्या पाठीला टेकायला काहीतरी करावं. तेही टाकून दिलेल्या वस्तूंतनं, म्हणजे उद्या कुणालाही करता येईल.

सोपं न्हवतं. फळबाजारामागनं खोक्यांच्या फळ्या आणल्या. खिळा मारला की चिरायच्या. बेळगावच्याच शहापुरात एकजण जुना हातमाग मोडत होता, त्याची लाकडं मागून आणली. ती इतकी कडक की ड्रिलची बिटं तुटली आणि वर्कशॉपच्या माणसानं मला झाडलं. मग बुडाला खोक्याच्या फळ्या जोडून घेतल्या, पाठीला मागाचं लाकूड. त्यावर आधी गोणपाट ताणलं, ते दोन दिवसांत लोंबलं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबा विणल्या. उन्हाळ्यात रबर कपड्यांना चिकटायला लागलं. शेवटी आईच्या जुन्या साड्या फाडून त्यांच्या वेण्या घातल्या आणि त्या ट्यूबांवर गुंडाळल्या. तेव्हा कुठं जमलं.

हे सगळं एकटीनं. वर्गातली पोरं आयतं प्लायवूड आणायची, कुणी सुताराकडनं करून घ्यायचं. माझ्या टेबलाला भंगार बाजार म्हणायची. हसत हसत. मीपण हसायचे. वाईट माझ्याशी कुणी बोललं न्हाय. बोललंच न्हाय, खरं सांगायचं तर. जेवायच्या सुट्टीत सगळी कँटीनला जायची आणि मी वर्कशॉपच्या भुशात बसून डबा खायचे. लई एकटं वाटायचं. डबा खाता खाता मी त्या लाकडांशी बोलायचे, म्हणजे बघा.

एका रविवारी टेकू निपाणीला नेला. आई बसली, पान कापलं, वळायला लागली. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाली, काम करू दे. संध्याकाळी उठली ती सरळ उठली. भिंतीला हात लावला न्हाय. त्या दिवशी मला पदवी मिळाल्यागत झालं.

आणि प्रदर्शनात तो टेकू सरांनी पांढऱ्या चौथऱ्यावर चढवला. वरनं दिवा. समोर पाटी, ‘हात लावू नये’. ज्या पाठीसाठी मी तो केला ती पाठ त्याच्याच पायथ्याशी, गार फरशीवर, पुन्हा वाकलेली.

पाहुणे गोळा झाले. मोबाईल निघाले. एक बाई गुडघ्यावर बसून आईच्या बोटांचा व्हिडिओ काढत होत्या. हात किती भरभर चालतो बघ, असं शेजारणीला सांगत होत्या. तोंडाकडं कुणी बघत न्हवतं. गजरा कुणाला दिसला न्हाय. माझ्या वर्गातली सगळी पोरं तिथंच उभी होती.

आईनं एकदाच मान वर केली. मला शोधलं. हळूच विचारलं, “नीट चाललंय न्हवं गं माझं?”

माझ्या मार्कांसाठी ती परीक्षा देत होती. मी पाटी काढली, टेकू उचलून खाली ठेवला आणि आईला म्हणाले, ह्याच्यावर बस.

सर पुढं आले. डिस्प्ले हलवू नकोस म्हणाले. मी म्हटलं, “सर, हा बसायला केलाय.”

“कळतंय गं. पण त्या तशाच राहू देत. कॉन्ट्रास्ट छान दिसतोय.”

कॉन्ट्रास्ट. माझ्या आईची पाठ.

मी सूप तिच्या मांडीवरनं काढून घेतलं. “आई, ऊठ. घरी जायचं.”

आत्ता गेलीस तर मार्क मिळणार न्हाईत, विचार कर, सर म्हणाले. अजून त्याच गोड आवाजात. मी वर्गाकडं बघितलं. एकजण तरी काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. सगळे मोबाईलमध्ये. मी काखेत टेकू घेतला, आईचा हात धरला आणि बाहेर पडले.

निपाणीची बस खच्चून भरलेली. मधल्या वाटेत टेकू मांडला, आईला बसवलं. कंडक्टर कानडीत कुरकुरला आणि पुढं गेला. आई मात्र गप्प बसली न्हाय. “खुळी का काय तू? बसलो असतो की मी दोन तास. रोज बसतोच न्हवं? वर्ष घालवलंस की गं बाई.” संकेश्वरापर्यंत बोलत होती. मी दांडी धरून उभी राहिले आणि रडले. तिनं माझं मनगट धरलं तेव्हा लिंबाचा वास गेलता. तंबाखूचाच येत होता.

आठवड्यानं विभागप्रमुखांनी बोलावलं. माफी लिहून दे, वस्तू परत आणून मांड, पास करतो म्हणाले. मी म्हटलं, ती रोज वापरात आहे, तुम्ही येऊन बघा. ते म्हणाले, “कॉलेज तुमच्या गल्लीत येत नसतं.” वर्गातल्या एकीनं मेसेज पाठवला, बरोबर केलंस म्हणून. जिन्यात समोर आली तेव्हा भिंतीकडं बघत उतरली.

माफी मी लिहिली न्हाय. लिहिणारही न्हाय. वर्ष गेलं, पुढचंही गेलं तर जाऊ दे. आईच्या पाठीमागनं तो टेकू मी काढणार न्हाय. आई अजून माझ्यावर रागावलेली आहे. रागावूनच त्याला टेकून बसते. मी शेजारच्या आक्कासाठी दुसरा करायला घेतलाय. पुढं तिसरा, मग गल्ली संपंपर्यंत.

कुणाला मार्क द्यायचे असतील त्यांनी निपाणीला यावं. चपला दारात काढाव्या. बसायला फरशी आहे. टेकू एकही रिकामा मिळणार न्हाय.